घरच्या झोप-तपासणीचा कागद कितपत खरा मानावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावचा वक्ता बोलवावयाचा, त्याने तासभर बोलावयाचे आणि मग आपण चिवडा-पेढा घेऊन घरी जावयाचे, असा आपला रिवाज. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला. मला म्हणाल्या, "तुम्ही नागपूरला जाऊन डोक्याला तारा लावून झोपून आलात ना? तेच सांगा." मी म्हटले, अहो, झोपण्यावर कुठे भाषण होते का! पण मागच्या भिशीच्या दिवशी पाचजणींनी मला एकेकटे गाठून एकच प्रश्न विचारला. "ती तपासणी घरीच यंत्र लावून होते म्हणतात, मग नागपूर कशाला?" पाचजणींना पाचदा सांगण्यापेक्षा सर्वांना एकदाच सांगावे, म्हणून उभी राहिले आहे. मी डॉक्टर नाही. जे भोगले आणि जे विचारून-वाचून समजून घेतले तेवढेच सांगणार आहे.

आधी दुखणे काय ते पाहू. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ एवढाच की श्वास नाही. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, आणि काहींच्या घशातली वाट अरुंद होते, कधी पुरती मिटते. छाती आणि पोट श्वास ओढण्याची खटपट करीत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मेंदूला धोका कळतो, तो क्षणभर जागा होतो, घसा पुन्हा ताठ होतो, मोठा आवाज होऊन श्वास सुरू होतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. आपल्याला वाटते, रात्रभर घोरत होता म्हणजे छान झोपला. कुंभकर्णाला आजच्या डॉक्टरांनी तपासले असते तर त्याच्या सहा महिन्यांच्या झोपेचे काही निराळेच कारण निघाले असते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

श्वास दहा सेकंद किंवा अधिक वेळ थांबला की तो एक अडथळा मोजतात. श्वास पुरता न थांबता उथळ झाला आणि त्यामुळे प्राणवायू उतरला किंवा झोप चाळवली, तर तोही मोजतात. तासाला असे किती अडथळे, हा या दुखण्याचा आकडा. पाचाच्या आत असला तर चिंता नाही, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. हा आकडा लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कथा या भागाकाराचीच आहे. दुखणे दुर्लक्षित राहिले तर रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागली तर पुढचे सांगावयास नको.

आता कोणी म्हणेल, ही शहरातल्या लठ्ठ साहेबांची दुखणी. तसे नाही. पण एक गंमत पाहा. आपल्या महाराष्ट्रात याची मोजदाद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या आरोग्यतपासणीला आलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या ६५८ जणांना त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यांपैकी २५० जणांची रात्रीची तपासणी केली. शंभरात साडेएकोणीस जणांचा आकडा पाच किंवा त्याहून वर असावा, असा अंदाज निघाला. आणि त्याबरोबर दिवसा पेंग येण्याचा त्रासही असलेले शंभरात साडेसात. चांगल्या धडधाकट समजल्या जाणाऱ्या माणसांतले हे प्रमाण आहे.

यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे ती २५० जणांची तपासणी त्यांच्या घरीच झाली होती. तेव्हा घरची तपासणी म्हणजे काही फसवाफसवी नव्हे, मोठमोठे डॉक्टर ती वापरतात. दुसरी गोष्ट अशी की ते ६५८ च्या ६५८ पुरुष होते! पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २००६ साली जी पाहणी प्रसिद्ध केली तीत बायकाही घेतल्या. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे १९९३ साली नोकरीपेशातल्या ३० ते ६० वयाच्या लोकांची पाहणी झाली. तीत शंभरात २४ पुरुष आणि ९ बायका पाचाच्या वर सापडल्या. त्यापूर्वी दवाखान्यात येणारे बहुतेक पुरुषच असत, म्हणून हे पुरुषांचे दुखणे अशी समजूत होती. बायकांना ते नव्हते असे नाही, त्या दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हत्या.

का पोचत नव्हत्या, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. नवरा घोरतो हे डॉक्टरांना कोण सांगते? बायको. तीच रात्री जागी असते, तीच मोजते, तीच म्हणते की अहो, यांचा श्वास मध्येच थांबतो हो. आणि बायको घोरते हे कोण सांगणार? घरात सर्वांच्या शेवटी ती आडवी होते आणि सर्वांच्या आधी उठते. तिला झोपलेली घरात कोणी पाहिलेलीच नसते! त्यातून बायकांचे घोरणे पुष्कळदा तितके गडगडाटी नसते. त्या सांगतात ते निराळेच. झोप लागत नाही, तीनला डोळा उघडतो, सकाळी डोके जड असते, अंगात त्राण नाही, उगाच रडू येते. मग सगळे म्हणतात, वय झाले, पाळी गेली, काळजी फार करतेस. खरी गोष्ट अशी की पाळी गेल्यावर बायकांत या दुखण्याचे प्रमाण वाढते.

आता यंत्राकडे वळू. घरी देतात ते यंत्र मुठीएवढे असते, ते पट्ट्याने छातीवर बांधतात. नाकाशी एक बारीक नळी येते, ती हवेचा ये-जा ओळखते. छातीपोटावरच्या पट्ट्याने श्वासाची खटपट कळते. बोटाला एक चिमटा असतो, तो प्राणवायू आणि नाडी टिपतो. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, असला चिमटा आपण घरोघर पाहिला आहे. मात्र हे यंत्र रात्रभराची नोंद साठवून ठेवते. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी त्याचे काही अडत नाही.

आमच्या घरी हे यंत्र प्रथम आले ते ह्यांच्यासाठी. ह्यांचे घोरणे आमच्या आळीत सर्वांना परिचित आहे, उन्हाळ्यात गच्चीवर झोपतो तेव्हा तर चार घरांना. दुपारी माणसांशी बोलता बोलता मान खाली जाई, एकदा मोटारसायकल बांधावर गेली. डॉक्टरांनी यंत्र लावावयास सांगितले. एका रात्रीत आकडा आला ताशी ४६, प्राणवायू एकाहत्तरापर्यंत उतरलेला. पुढे कुठे जावे लागले नाही. श्वासाची वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवणारे यंत्र सुरू झाले. ही युक्ती सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रथम जगापुढे मांडली. नाकाला मुखवटा आणि त्याला लांब नळी. नातवंडे आजोबांना गणपती म्हणू लागली. आठ दिवसांत गणपती दुपारी जागे राहू लागले. अशा माणसाच्या बाबतीत घरची तपासणी पुरेशी आहे. त्याच्यात दुखण्याची चिन्हे ढळढळीत होती, यंत्राने नुसती मोहोर उठवली.

त्यानंतर माझी पाळी आली. सकाळचे डोके दुखणे, पहाटेची जाग, दिवसभर मरगळ आणि नव्याने सुरू झालेला रक्तदाब. म्हटले, यंत्र आहेच ओळखीचे, आपणही लावून पाहू. एका ठिकाणाहून ते भाड्याने आणले. देणाऱ्या मुलाने बजावले, "रात्री दहाला सुरू करा, सकाळी सहाच्या आत काढू नका." मी शिकलेली बाई, सांगितले तसे तंतोतंत केले.

वैशाखातली रात्र होती. बारा वाजेपर्यंत वीज नव्हती, कूलर बंद, मी पट्टा बांधून बाजेवर नुसती तळमळत पडले. बारानंतर डोळा लागला. चारला नळ आला. आपण खारपाणपट्ट्यातल्या बायका, गोड्या पाण्याचा नळ सोडून कोण झोपून राहील? पण सहाच्या आत काढावयाचे नाही! तेव्हा छातीवर यंत्र, नाकात नळी, बोटाला चिमटा अशा थाटात मी हंडे भरले. शेजारच्या काकू मला पाहून तुळशीपाशी थबकल्याच. सहाला यंत्र काढले आणि पाठवून दिले.

दोन दिवसांनी छापील कागद आला. नोंद आठ तासांची, अडथळे ३६, ताशी साडेचार. खाली ठळक अक्षरात 'नॉर्मल'. मी तो कागद देवघरातल्या फडताळात ठेवला आणि मोकळी झाले.

आता हिशेब पाहा. यंत्राला मेंदूच्या लहरी कळत नाहीत. माणूस झोपला आहे की जागा, हे त्याला ठाऊक नसते. माझी तळमळ त्याने झोप म्हणून धरली आणि हंडे भरणेही झोपेतच जमा केले! मी झोपले होते बारा ते चार, अवघे चार तास. ३६ ला आठाने भागले तर साडेचार येतात, चाराने भागले तर नऊ. म्हणजे त्याच रात्रीच्या, त्याच यंत्राच्या नोंदीवरून मी निरोगीही ठरत होते आणि आजारीही. नुसता भाजक बदलला. नाडीचा आलेख कोणी जाणत्या माणसाने उघडून पाहिला असता तर चारनंतर ही बाई झोपलेली नाही, हे त्याला सहज कळले असते. पण तो कागद यंत्रानेच छापलेला होता, त्यावर नजर फिरवणारा कोणी नव्हता. काही यंत्रांत हालचाल टिपण्याची सोय असते, माझ्या यंत्रात ती नव्हती.

आणखी दोन गोष्टी त्या कागदातून निसटल्या होत्या. श्वास उथळ होतो, प्राणवायू फारसा उतरत नाही, पण मेंदू मात्र दचकून जागा होतो, असे अडथळे मेंदूच्या लहरी पाहिल्याशिवाय पकडता येत नाहीत. बायकांत असे अडथळे पुष्कळ आढळतात. दुसरे असे की स्वप्नांची जी झोप असते तीत स्नायू सर्वांत सैल असतात, आणि कितीएक बायकांचा श्वास मुख्यतः त्याच झोपेत अडतो. ती झोप अधिक येते पहाटे. माझी पहाट तर नळावर गेली होती!

त्या 'नॉर्मल' शब्दाने माझे दीड वर्ष खाल्ले. कागद पाहून सगळ्यांनी मान डोलावली. मला झोपेची गोळी मिळाली. पुढे समजले की असल्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू अधिकच सैल पडतात. रक्तदाबाची एकाची दोन औषधे झाली. एके दुपारी दूध गॅसवर ठेवून मी ओट्याशी स्टुलावर बसले आणि बसल्या बसल्या डोळा लागला. दूध उतू गेले, ज्योत विझली, गॅस चालूच. धाकटा नातू पायाशी भोवरा खेळत होता. सूनबाई वेळेवर आली म्हणून मी आज ही हकिकत सांगत आहे. ती मला एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले.

सुटका केली ती माझ्या भाचीने. सुट्टीत आली होती, गच्चीवर माझ्या शेजारी झोपली. सकाळी म्हणाली, "मावशी, पहाटे तू श्वासच घेत नव्हतीस गं. मी हलवणार होते, तोच तू मोठ्याने दचकलीस." इतक्या वर्षांत मला झोपलेली पाहणारी ती पहिली.

मग नागपूर. तिथे रात्री एका खोलीत निजवतात. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, छातीला, पायांना तारा, शिवाय नळी, पट्टे, चिमटा. पलीकडच्या खोलीत एक माणूस रात्रभर जागा राहून आलेख पाहतो, तार निसटली तर येऊन लावतो. अशाने झोप कशी येणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. बेताचीच आली, पण आली तेवढी नेमकी मोजली गेली. आकडा ताशी २१, आणि स्वप्नांच्या झोपेत ४८. त्या कागदाच्या हिशेबी मी निरोगी होते! आता आमच्या घरी दोन गणपती आहेत. रक्तदाबाचे एक औषध कमी झाले.

तेव्हा घरची तपासणी खोटी का? नाही. मी ती डाळीच्या चाळणीसारखी मानते. चाळणीत खडा राहिला तर तो खडाच, शंका नको. पण चाळणीत काही राहिले नाही, म्हणून खाली पडलेल्या डाळीत बारीक खडा नाहीच, असे कोणती गृहिणी म्हणेल? यंत्राने 'आहे' म्हटले तर विश्वास ठेवावा. 'नाही' म्हटले आणि तुमचे अंग 'आहे' म्हणत असेल तर कागद फडताळात ठेवू नये. हे माझे मत नव्हे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१७ साली नियमच घालून दिला आहे की लक्षणे असताना घरच्या तपासणीत दुखणे निघाले नाही किंवा नोंद अपुरी आली, तर पुढची पायरी प्रयोगशाळेतील रात्र. निदान चार तासांची स्वच्छ नोंद हवी, आणि ती नोंद जाणत्या डॉक्टरने स्वतः पाहावी, हेही त्यात आहे. शिवाय झोप रोज सारखी नसते. उताणे झोपले तर श्वास अधिक अडतो, कुशीवर कमी. त्यामुळे एकीची सोमवारची रात्र आणि मंगळवारची रात्र यांचे आकडे जुळतीलच असे नाही. जमल्यास दोन-तीन रात्री यंत्र लावावे.

काही जणींनी मात्र घरच्या यंत्राच्या वाटेला जाऊच नये, सरळ प्रयोगशाळा गाठावी. ज्यांचे हृदय दुबळे झाले आहे, पक्षाघात होऊन गेला आहे, फुप्फुसांचे जुने व मोठे दुखणे आहे, स्नायूंचा आजार आहे, अफूवर्गातली वेदनाशामक औषधे चालू आहेत, किंवा झोपच येत नाही असा मुख्य त्रास आहे, त्यांच्यासाठी हे यंत्र नाही. लहान मुलांसाठीही नाही. मूल रोज घोरत असेल तर आधी त्याचे टॉन्सिल दाखवा.

प्रश्नांच्या यादीविषयी एक सांगते. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी भुलीसाठी म्हणून आठ प्रश्न ठरवले. घोरता का, दिवसा थकवा येतो का, श्वास थांबलेला कोणी पाहिला का, रक्तदाब आहे का, आणि मग वजन, वय पन्नासच्या वर, गळ्याचा घेर आणि पुरुष की स्त्री. तीन किंवा अधिक 'होय' आले तर पुढे तपासावे. यादी चांगली आहे, सोपी आहे, पण पाहा, पुरुष असल्याचा एक गुण पुरुषाला फुकट मिळतो! शिवाय 'कोणी पाहिला का' याला आपले उत्तर बहुधा 'नाही' असते, कारण पाहणारे कोणी नसते. आपण दोन गुण मागे राहूनच सुरुवात करतो. तेव्हा यादीत दोनच 'होय' आले म्हणून निश्चिंत होऊ नका.

घड्याळांचेही विचारता. मुलांनी पाठवलेली घड्याळे आता तेल्हाऱ्यातही पुष्कळ मनगटांवर दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ साली अशा दोन घड्याळांतील सोयीला मान्यता दिली, पण ती फक्त इशारा देण्यासाठी, निदानासाठी नव्हे. आणि करोनाच्या वेळचा साधा चिमटा रात्री बोटाला लावून झोपण्यात तर काहीच अर्थ नाही. तो त्या क्षणाचा आकडा दाखवतो, आणि तो पाहावयास तुम्ही जाग्या झालात म्हणजे श्वास परत सुरू झालेलाच असतो.

यंत्र लावणार असाल तर एवढे करा. बोटाचे नखरंग काढा, हात गार नसू द्या. उशाशी कागद-पेन्सिल ठेवा. दिवा किती वाजता मालवला, केव्हा जाग आली, वीज केव्हा गेली, नळाला केव्हा उठलात, सारे लिहा आणि तो कागद यंत्राबरोबर द्या. शक्य झाले तर ती एक पहाट नळाची पाळी सुनेला, मुलाला, नाहीतर नवऱ्याला द्या. हसता काय? हंडा उचलावयास त्यांनाही दोन हात आहेत. अहवाल आला की दोनच प्रश्न विचारा. आकडा काढताना किती तास धरले? आणि ही नोंद कोणी डोळ्यांनी पाहिली का? शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याचे आवर्जून सांगा, मग तपासणी झालेली असो की नसो.

हळदीकुंकवाची वेळ झाली, चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत. माझे दोन्ही कागद, घरचा आणि नागपूरचा, मी पिशवीतून आणले आहेत. पानसुपारीच्या वेळी मागल्या बाकावर ठेवते. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी पाहावेत, आठ प्रश्न उतरवून घ्यावेत. फक्त कागदांना कुंकवाची बोटे लावू नका, पुढच्या महिन्यात ते पुन्हा डॉक्टरांना दाखवावयाचे आहेत.